काळी एक कुठे आहे? गिटारचा फ्रेटबोर्ड कानाने शिकायची पद्धत

माझ्या खोलीच्या भिंतीवर दोन वर्षं एक तक्ता चिकटवलेला होता. सहा आडव्या रेघा म्हणजे तारा, बारा उभ्या म्हणजे फ्रेट (गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्या), प्रत्येक चौकटीत सुराचं एक इंग्रजी अक्षर. 72 घरं. ती मी पाढ्यांसारखी घोकली होती. चौथी तार, सातवा फ्रेट? ए. झोपेतून उठवून विचारलं तरी ए.

मग गणपतीत आमच्या गल्लीतल्या मंडळात आरतीनंतर भजनं सुरू झाली. पोट्टा गिटार वाजवतो म्हणून मला पुढे बसवलं. पेटीवरचे काका म्हणाले, "काळी एक." म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा आजचा सा. माझ्या तक्त्यात काळी एक नव्हती. मी फोन काढला, ट्यूनर (सूर ओळखून दाखवणारं ॲप) उघडला, एकेक तार छेडत बसलो. तोवर भजन दुसऱ्या कडव्यावर गेलं होतं. काकांनी पेटी न थांबवता मान वळवली. "काऊन बे, सा सापडून नाही राहिला का?"

नव्हताच सापडत. गल्लीतल्या सगळ्या घरांच्या पाट्या पाठ होत्या, पण कोणाच्या घरात कोणाचा आवाज आहे ते ठाऊक नव्हतं.

आता मी नागपूरच्या त्रिमूर्ती नगरात रविवारी चार-पाच पोरापोरींना गिटार शिकवतो. त्यांना तक्ता देत नाही. सूर आधी ऐकायचा, मग गळ्यातून काढायचा, मग तारेवर शोधायचा. त्याचं अक्षर सगळ्यात शेवटी. लागतं काय? कुठलीही गिटार, फोनवर तानपुऱ्याचं ॲप, आणि रोजची वीस मिनिटं. गळा कसाही चालेल. माझा स्वतःचा कूलरच्या पंपासारखा आहे.

तारा कानाने मिळवा

सगळ्यात जाड तार सहावी, सगळ्यात बारीक पहिली. जाडीकडून बारीककडे त्यांची नावं ई, ए, डी, जी, बी, ई. ट्यूनर फक्त पाचव्या तारेसाठी वापरा. ती 110 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 110 कंपनांवर, लागते. जगभर ज्या 440 हर्ट्झच्या 'ए'वर वाद्यं मिळवतात, त्याच्या बरोबर चौथा हिस्सा. ती लागली की ट्यूनर बंद. उरलेल्या पाच तारा कानाने.

सहाव्या तारेचा पाचवा फ्रेट दाबून वाजवा आणि लगेच पाचवी तार मोकळी, म्हणजे कुठेही न दाबता, वाजवा. दोन्ही सूर एकच यायला हवेत. पुढे पाचवीचा पाचवा फ्रेट आणि चौथी मोकळी. चौथीचा पाचवा आणि तिसरी मोकळी. तिसरी ते दुसरी एवढ्याच जागी चौथा फ्रेट. शेवटी दुसरीचा पाचवा आणि पहिली मोकळी.

'एकच आहे' हे कानाला कसं कळतं, ते नीट सांगतो, कारण अर्धं काम इथेच आहे. दोन सूर जवळपास सारखे पण थोडे वेगळे असले की आवाजात लाट येते, ऊं... ऊं... ऊं... अशी. जितक्या हर्ट्झचा फरक, तितक्या लाटा सेकंदाला. खुंटी फिरवत गेलात की लाटा लांबत जातात, मग एका क्षणी सगळं सपाट. तिथे थांबायचं. पुढे गेलात तर लाट पुन्हा सुरू होते.

ही लाट ऐकायला नागपुरात वेगळा सराव लागत नाही. आपली वीज 50 हर्ट्झची, आणि स्टॅबिलायझर किंवा कूलरची मोटर गुणगुणते ती त्याच्या दुप्पट, 100 हर्ट्झच्या आसपास. सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट 98 हर्ट्झचा. पंख्याची घरघर मध्ये येऊ नये म्हणून स्टॅबिलायझरजवळ बसा, तो सूर हळूच वाजवा. गुणगुण आणि तार मिळून सेकंदाला साधारण दोन लाटा उठतील. माझ्या एका विद्यार्थिनीला हे पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा तिने आधी स्टॅबिलायझर बिघडला म्हणून आईला हाक मारली.

आता तिसरी-दुसरीचा अपवाद. सरगमात पाहिलं की तो सोपा होतो. कुठल्याही तारेला सा धरलं तर तिच्या पाचव्या फ्रेटवर शुद्ध म येतो. म्हणजे प्रत्येक पुढची तार ही आधीच्या तारेचा म आहे. फक्त तिसऱ्या तारेपुढे दुसरी लावताना म ऐवजी शुद्ध ग घेतला आहे, म्हणून चौथा फ्रेट. पाचही उड्या म च्या घेतल्या असत्या तर एकूण 25 अर्धस्वर (एक फ्रेट म्हणजे एक अर्धस्वर) झाले असते आणि पहिली तार सहावीशी जुळली नसती. एक उडी ग ची केली म्हणून 24 झाले, पूर्ण दोन सप्तकं. त्यामुळे पहिली आणि सहावी दोन्ही ई आहेत.

शिवाय सहावी मोकळी तार सा धरून सहाही मोकळ्या तारा गाऊन पाहा: सा, म, कोमल नी, वरचा कोमल ग, वरचा प, आणि त्याहून वरचा सा. हे सगळे स्वर धानी रागाचे. गिटारला हात लावला की काहीतरी बरं वाजतं, त्यात या रचनेचा मोठा वाटा आहे.

रोज सराव सुरू करताना तारा अशाच मिळवायच्या. सुरुवातीला दहा मिनिटं जातात, वैताग येतो. त्याला सराव समजा, कारण तो सरावच आहे. मे महिन्यात जास्त वेळ लागेल. पारा 45 वर गेला की तार तापते, सैल पडते आणि सूर उतरतो. गिटार गाडीत ठेवून सीताबर्डीत खरेदीला जाऊ नका. कूलरच्या थेट झोतातही ठेवू नका, ओल शोषून लाकूड फुगतं. आतल्या खोलीत, पिशवीत, भिंतीपासून जरा लांब.

एकच तार, दोन आठवडे

तानपुऱ्याचं ॲप पांढरी सहावर लावा. तोच 'ए', म्हणजे तुमची मोकळी पाचवी तार. आता दोन आठवडे फक्त हीच तार.

पहिले दोन-तीन दिवस तीनच सूर: सा, प, वरचा सा. मोकळी तार सा. मग तानपुरा ऐकत प गा. हो, आधी गा. गिटारला हात न लावता. प म्हणून झाला की सातवा फ्रेट दाबा. तुमचा आणि तारेचा सूर जुळला तर ठीक. नाही जुळला तर गळा हळूहळू सरकवत तारेपाशी आणा आणि ती हालचाल लक्षात ठेवा. वरचा सा बाराव्या फ्रेटवर, बरोबर तारेच्या मधोमध. नट आणि ब्रिज, म्हणजे तार दोन टोकांना जिथे टेकते त्या दोन पट्ट्या, यांच्यातलं अंतर मोजपट्टीने मोजलंत तर बारावा फ्रेट अर्ध्यावर सापडेल.

फ्रेट दाबताना बोट धातूच्या पट्टीला लागूनच, तिच्या मागे हवं. दोन पट्ट्यांच्या मधोमध दाबलं तर जोर जास्त लागतो, तार ताणली जाते आणि सूर चढतो. नवख्यांच्या बेसूरपणाचं निम्मं कारण हेच, आणि दोष मात्र कानाला.

मग म, पाचव्या फ्रेटवर. म आणि प हे दोनच गाऊन-वाजवून घोळत राहा. प तानपुऱ्यात विरघळतो. म तानपुऱ्याशी जरा भांडतो, पुढे जायला बघतो. हा स्वभाव ओळखू आला की मोजायची गरज पडत नाही. त्यानंतर रे दुसऱ्यावर, ग चौथ्यावर, ध नवव्यावर, नी अकराव्यावर. कोमल स्वर शुद्धाच्या एक फ्रेट मागे, तीव्र म सहाव्यावर.

गिटारच्या दांड्यावर बाजूला ठिपके असतात: तिसरा, पाचवा, सातवा, नववा आणि बाराव्यावर दोन. मोकळी तार सा असेल तर तेच ठिपके कोमल ग, म, प, ध आणि वरचा सा. हे एकदा कळलं की ठिपके बघायचं बंद करा. डोळे मिटून हात सरकवा, सूर गा, दाबा. चुकलात तर डोळे उघडू नका. कानाने ठरवा की वर गेलात की खाली राहिलात, आणि बोट सरकवा. माझ्या वर्गात या टप्प्यावर दिवा बंद करतो. पोट्टे हसतात, पण बोटं शिकतात.

पेटीवर शिकलेले असाल तर पलटे इथेच सुरू करा: सारेग, रेगम, गमप. एका तारेवर हात सतत प्रवास करतो, त्यामुळे दोन सुरांमधलं अंतर दंडाला कळायला लागतं.

ज्यांनी कुणाजवळ बसून गाणं शिकलेलं आहे, त्यांना एक खटकेल. गिटारचा शुद्ध ग तानपुऱ्यावर चढा वाटतो. वाटतो नाही, असतोच. तानपुऱ्याच्या तारेतून उमटणारा ग गिटारच्या ग पेक्षा जवळजवळ 14 सेंट खाली असतो. 100 सेंट म्हणजे एक फ्रेट. गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा अगदी समान भाग करून ठोकलेले असतात, म्हणजे कुठल्याही पट्टीत वाजवता यावं. त्याची किंमत ग ने मोजली आहे. प मात्र जेमतेम 2 सेंट उतरा, म्हणून तो खटकत नाही. तेव्हा ग ऐकून खुंट्या पिळत बसू नका. तुमचा कान बरोबर आहे, वाद्यही बरोबर आहे.

तुमचा सा आणि त्याची सहा घरं

तिसऱ्या आठवड्यात तारेचा सा सोडून स्वतःचा सा धरा. सकाळी उठल्या उठल्या नको, गळा जड असतो. दुपारी आरामात एक सा लावा जिथून खाली मंद्र (खालच्या सप्तकातल्या) प पर्यंत आणि वरच्या सप्तकातल्या म पर्यंत ताण न देता जाता येईल. बऱ्याच पुरुषांचा काळी एक ते काळी दोनच्या आसपास निघतो, बायकांचा काळी चार ते काळी पाचच्या आसपास. तुमचा वेगळा असेल तर तोच तुमचा.

समजा काळी एक निघाली. तो सूर गात गात पाचव्या तारेवर चढत जा. चौथ्या फ्रेटवर सापडेल. मंडळात मला न सापडलेलं घर हेच. आता तोच सा प्रत्येक तारेवर शोधायचा आहे, पण मोजून नाही. सा गात राहायचं, एकेका तारेवर बोट सरकवत जायचं, आणि सूर 'बसला' की थांबायचं. काही तारांवर तो वरच्या सप्तकात मिळेल. तेव्हा जोडीला वरचा सा गा.

सापडले की पडताळा: सहाव्या तारेवर नववा फ्रेट, पाचवीवर चौथा, चौथीवर अकरावा, तिसरीवर सहावा, दुसरीवर दुसरा, पहिलीवर नववा. सहावीचा नववा आणि पाचवीचा चौथा हे एकाच उंचीचे सूर आहेत, वाजवून पाहा. पण पोत वेगळा: जाड तारेवर तोच सूर गोलसर, जरा घोगरा, बारीक तारेवर उजळ. काही दिवसांनी नुसत्या पोतावरून तार ओळखू यायला लागेल.

स्त्रियांनी काळी चारचा सा शोधताना तिसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटपासून सुरू करावं. तो त्यांच्या गळ्याच्या उंचीचा आहे. सहावीचा चौथा फ्रेट हाही काळी चारच, पण एक सप्तक खाली. तिथे गळा नेऊन घसा खरवडू नका.

सा भोवतालचे शेजारी ओळखायला आता वेळ लागत नाही. पाचव्या तारेवरच्या सा च्या बरोबर खाली, म्हणजे बारीक बाजूच्या चौथ्या तारेवर त्याच फ्रेटला, म. त्याच्या दोन फ्रेट पुढे प, एक फ्रेट मागे शुद्ध ग. जाड बाजूला, सहाव्या तारेवर त्याच फ्रेटला, मंद्र प. तिसऱ्या तारेवर दोन फ्रेट पुढे वरचा सा. हा सगळा आकार एका पंजात मावतो. प्रत्येक शेजाऱ्याकडे जाण्याआधी त्याचा सूर गाऊन घ्यायचा, हा नियम इथेही सुटत नाही. दुसऱ्या तारेपाशी पोहोचलात की आकार एक फ्रेट पुढे मोडेल. त्या ग च्या उडीचा हिशेब तिथे चुकता होतो.

फोनमधला खेळ

हा खेळ मला सगळ्यात उपयोगी वाटतो, आणि एकदा रेकॉर्ड केलं की खेळताना गिटारसुद्धा लागत नाही.

फोनवर आवाज रेकॉर्ड करा. सा वाजवा, मग कुठलाही एक सूर. पाच सेकंद गप्प राहा. मग त्या सुराचं नाव बोला: "कोमल नी." पुन्हा सा, दुसरा सूर, शांतता, नाव. असे तीस-चाळीस सूर भरा. सुरुवातीला फक्त सा, म, प आणि वरचा सा यांतले. पुढच्या आठवड्यात ग आणि कोमल ग मिसळा. कोमल रे आणि तीव्र म सगळ्यात शेवटी.

दुसऱ्या दिवशी ते ऐका. शांततेच्या पाच सेकंदांत उत्तर मनात आलं पाहिजे. मी लोकमान्य नगरहून मेट्रोने सीताबर्डीला जाताना ऐकायचो. शेजारी बसलेल्या आजोबांनी एकदा विचारलं, "काय पुटपुटून राहिला बाप्पा?" मी म्हटलं कोमल ग. ते म्हणाले, "बरं बरं," आणि दुसऱ्या सीटवर जाऊन बसले.

एक सूर नेहमी चुकत असेल तर त्याचीच यादी करा. माझा ध आणि कोमल नी यांत गोंधळ व्हायचा. उपाय सोपा निघाला: ऐकू आलेल्या सुरावरून मनातल्या मनात वरच्या सा पर्यंत चालत जायचं. कोमल नी पासून दोनच अर्धस्वर, ध पासून तीन. पुरेसं चाललं की चालायची गरज राहत नाही.

आरती, तीन वाटांनी

आता खरं गाणं घ्या. घरात सगळ्यांना पाठ असलेली कुठलीही आरती किंवा आईची अंगाई. नोटेशन शोधू नका, व्हिडिओ पाहू नका. चाल गुणगुणा, पहिला सूर सा च्या तुलनेत कुठे आहे ते ठरवा, आणि एका तारेवर ओळ काढा. पहिल्या ओळीला अर्धा तास लागला तर तो वाया गेला नाही.

मग तीच ओळ एका पंजात, तीन तारांवर, हात न सरकवता. मग दुसऱ्या घरातल्या सा वरून: पाचवीच्या चौथ्याऐवजी सहावीचा नववा धरून. सूर तेच, बोटांची वाट वेगळी. एकच चाल तीन वाटांनी काढली की तक्त्यातली तीस-एक घरं ओळखीची होतात, आणि ती घोकलेली नसल्यामुळे विसरत नाहीत.

कॉर्डचंही, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्याचंही, असंच. गाणं लावा, सगळ्यात खालचा, जाड सूर गुणगुणा, आणि तो सहावी-पाचवी तारेवर शोधा. बहुतेक वेळा कॉर्डचं नाव त्याच सुराचं असतं. ती मोठी (मेजर) की छोटी (मायनर), हे ग शुद्ध आहे की कोमल यावर ठरतं, आणि तो फरक तुम्ही मेट्रोत शिकलाच आहात.

अक्षरं आणि पट्ट्या

आता अक्षरं. पेटीच्या पांढऱ्या एकपासून सातपर्यंत: सी, डी, ई, एफ, जी, ए, बी. काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. ई आणि एफच्या मध्ये, तसंच बी आणि सीच्या मध्ये काळी पट्टी नाही. गिटारवरही हे शेजारी लागून असलेल्या फ्रेटवर येतात. एवढं कागदाच्या चिठोऱ्यावर मावतं.

पाचव्या तारेवर पट्ट्या अशा बसतात: तिसऱ्या फ्रेटला पांढरी एक, चौथ्याला काळी एक, पाचव्याला पांढरी दोन, सहाव्याला काळी दोन. सहाव्या तारेवर दुसऱ्याला काळी तीन, चौथ्याला काळी चार, पाचव्याला पांढरी सहा, सहाव्याला काळी पाच. भजनी मंडळात बसायला एवढं पुरतं.

पुढच्या वर्षी मंडळात तेच काका होते. अर्ध्या भजनानंतर दुसरे गायक बसले आणि काका म्हणाले, "काळी दोन." मी पंजा तसाच ठेवून दोन फ्रेट पुढे सरकवला. काकांनी मान वळवली नाही.